दगडफूल: तीन दुकानांतला माल भिंगाखाली

गोडा मसाला, काळा मसाला किंवा मालवणी मसाला घरी करणाऱ्यांच्या यादीत दगडफूल हमखास असते. धणे निवडून घेतले जातात, मिरचीचे देठ मोडून पाहिले जातात, खोबऱ्याचा वास घेतला जातो. दगडफुलाच्या बाबतीत मात्र दुकानदाराने कागदात बांधून दिलेली मूठ तशीच घरी येते आणि परतून डंकावर जाते. या जिन्नसाची पारख कशी करावी, त्यात नेमके काय असते आणि त्याच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या औषधी गुणांवर कितपत विसंबावे, हे पाहण्यासाठी पुण्यात सहज मिळणारा तीन तऱ्हांचा माल मी विकत घेतला. एक म्हणजे मोठ्या दुकानातले पन्नास ग्रॅमचे पाकीटबंद दगडफूल, दुसरा पेठेतल्या जुन्या मसाल्याच्या दुकानात पोत्यातून काढून दिलेला सुटा माल, आणि तिसरा काष्ठौषधींच्या दुकानात ‘छरीला’ म्हणून मिळणारा. कंपनीचे आणि दुकानांचे नाव मुद्दाम देत नाही. पुढे ज्या उणिवा सांगायच्या आहेत त्या कुणा एका विक्रेत्याच्या नाहीत. या सबंध व्यापाराला त्या लागू आहेत.

स्वयंपाक करणारी म्हणून आणि वनस्पतिशास्त्र शिकलेली म्हणून, अशा दोन्ही नात्यांनी मी हा माल तपासला. त्यासाठी दहा पट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग, पांढरा कागद, चिमटा आणि दोन रसायनांचे थेंब एवढीच सामग्री लागली.

दगडफूल हे शैवाक आहे, म्हणजेच लायकेन. कवकाच्या तंतूंनी विणलेल्या थरांमध्ये एकपेशीय हिरवे शैवल किंवा प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू वस्ती करतात. शैवल अन्न तयार करते, कवक पाणी धरून ठेवते आणि उन्हापासून आडोसा देते. ही दोन जीवांची भागीदारी आहे असे सिमोन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६७ साली मांडले, तेव्हा त्या काळच्या नामवंत लायकेनतज्ज्ञांना ते मुळीच पटले नव्हते. जगात लायकेनच्या सुमारे २०,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि भारतात अडीच हजारांहून अधिक. ग्राहकाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची बाब वाढीच्या वेगाची आहे. पानासारखे पसरणारे लायकेन वर्षाकाठी काही मिलिमीटरच वाढते, आणि खडकाला घट्ट चिकटून राहणारे तर त्याहूनही कमी. तळहाताएवढा सबंध तुकडा हाती आला तर तो दहा-पंधरा वर्षांचा असू शकतो. मसाल्याच्या डब्यातल्या दुसऱ्या कुठल्याही जिन्नसाला तयार व्हायला इतका काळ लागत नसेल.

पाकीटबंद मालापासून सुरुवात करते, कारण दिसायला तोच सर्वांत नीटनेटका होता. पाकिटावर अन्न परवाना क्रमांक, पॅक केल्याची तारीख, वापरण्याची मुदत आणि ‘यंत्राने स्वच्छ केलेले’ अशी ओळ होती. कागदावर ओतल्यावर या स्वच्छतेची किंमत कळली. सालीचे तुकडे आणि काड्या खरोखर कमी होत्या. पण लायकेनचाही चुरा झालेला होता. नखाएवढ्या तुकड्याहून मोठे असे फारच थोडे, आणि तळाशी राखाडी भुकटीचा थर. भिंगाखाली या चुऱ्यात रुंद आणि अरुंद अशा दोन्ही घडणींचे तुकडे दिसले, त्यामुळे किमान दोन वेगळ्या प्रजाती एकत्र असाव्यात एवढे म्हणता येते. त्यापुढे ओळख पटवायला कडा, खालची बाजू आणि सबंध पाळी, म्हणजे पसरलेल्या लायकेनचा एक पानासारखा फाटा, लागते, आणि यंत्राने नेमके तेच मोडून टाकले होते. वजनामागे हा माल सुट्यापेक्षा जवळजवळ दुप्पट महाग पडला. ज्यांना निवडायला वेळ नाही त्यांची सोय होते हे खरे, परंतु डोळ्यांनी पारखायची संधी यात ग्राहकाला उरत नाही, आणि दगडफुलाच्या बाबतीत ती संधीच सर्वांत मोलाची आहे.

सुटा माल ओबडधोबड होता आणि तितकाच मनोरंजक. दुकानदाराने पोत्यात हात घालू दिला, त्यामुळे वरचे मोठे तुकडे निवडून घेता आले. बहुतेक तुकड्यांच्या पाठीला झाडाची साल चिकटलेली होती. बाजारात येणारे दगडफूल मुख्यतः झाडांवरून काढलेले असते, हे त्यावरून लगेच लक्षात येते. एका तुकड्यात सुईसारखी पाने अडकलेली मिळाली. बुडाशी एकत्र बांधलेल्या तीन सुयांचा तो जुडगा होता. सह्याद्रीच्या जंगलात पाइनची झाडे नैसर्गिकरीत्या वाढत नाहीत; तीन-तीन सुयांचे जुडगे हिमालयाच्या बाहेरच्या रांगांमधल्या चीड या पाइनला येतात. म्हणजे पोत्यातला निदान काही माल तरी उत्तराखंड किंवा हिमाचलाच्या बाजूचा असावा. दुकानदाराला विचारले तेव्हा त्याने “दिल्लीहून येतो” एवढेच सांगितले, आणि त्याच्यापुरते ते उत्तर बरोबरच होते.

या मालाची वर्गवारी करायला एक दुपार खर्ची पडली. रुंद, गोलसर पाळ्यांचे राखाडी-हिरवट तुकडे वेगळे काढले; त्यांची खालची बाजू काळी आणि कडेला तपकिरी, गुळगुळीत पट्टा. हे पार्मोट्रीमा या प्रजातीचे लायकेन. त्यातही काहींच्या कडांना डोळ्याच्या पापण्यांइतके बारीक काळे केस होते, तर काहींच्या कडा स्वच्छ असून वरच्या पृष्ठभागावर सूक्ष्म, खुंटीसारखे उंचवटे दाटीने उगवलेले होते. एका तुकड्याच्या पृष्ठभागावर पांढऱ्या रेषांची नाजूक जाळी पसरलेली होती. पार्मोट्रीमा रेटिक्युलाटमची ती खूण आहे. दुसऱ्या ढिगात अरुंद, फाटे फुटलेल्या, पन्हळीसारख्या पट्ट्या आल्या; वरून फिकट, खालून काळ्या आणि दोन्ही कडांना लांब केस. हे एव्हर्नियास्ट्रम. तिसरा ढीग लहानच होता: धाग्यांसारखे गुंतलेले, पिवळसर हिरवे अस्निया. अस्नियाची ओळख बोटांनी पटते. धागा थोडा ओलसर करून दोन्ही टोकांनी हलकेच ताणला की बाहेरची साल तडकते आणि आतली पांढरी, लवचिक दोरी उघडी पडते. उरलेल्या पसाऱ्यात दोन्ही बाजूंनी सारख्याच रंगाच्या चपट्या पट्ट्यांचे रामालिना, थोडे शेवाळ, काटक्या आणि एका किड्याचा कोश निघाला.

काष्ठौषधींच्या दुकानातला माल बहुतांशी एव्हर्नियास्ट्रमचा होता आणि अस्नियाचे प्रमाण त्यात लक्षणीय होते. एकजिनसीपणात तो तिन्हींत सरस ठरावा. पण त्याला दगडफुलाचा स्वतःचा वास उरलेलाच नव्हता. शेजारच्या डब्यांतल्या वेखंड आणि नागरमोथ्याचा वास त्याने पुरेपूर शोषून घेतला होता. लायकेन सच्छिद्र असते, भोवतालचा वास चटकन धरते. धूप किंवा उटण्यासाठी हा माल चालेल, आमटीच्या मसाल्यासाठी नाही.

आता थेंबांच्या चाचण्यांविषयी. लायकेनमधले कवक अशी काही रसायने तयार करते, जी इतर सजीवांमध्ये क्वचितच आढळतात. आजवर अशी हजाराहून अधिक द्रव्ये ओळखली गेली आहेत. ती पेशींच्या आत न राहता तंतूंच्या बाहेरच्या अंगावर सूक्ष्म स्फटिकांच्या रूपात साठतात आणि कोरड्या तुकड्यात वर्षानुवर्षे टिकतात. म्हणूनच बाजारातून आणलेल्या, वाळून कडक झालेल्या तुकड्यावरही चाचणी होते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणाचा बारीक थेंब पार्मोट्रीमाच्या वरच्या पृष्ठभागावर ठेवला की तिथे पिवळा डाग उमटतो. बाहेरच्या सालीतल्या अ‍ॅट्रानोरिनमुळे तो रंग येतो. ब्लेडने वरचा थर खरवडून आतल्या पांढऱ्या गाभ्यावर तोच थेंब ठेवला, तर एव्हर्नियास्ट्रमच्या तुकड्यावर आधी पिवळा आणि मग, पाहता पाहता, विटकरी लाल रंग चढतो. हे सॅलाझिनिक आम्लाचे लक्षण. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्या लाल भागात सुईसारखे स्फटिक वाढताना दिसतात. स्वच्छ कडांच्या, खुंट्या उगवलेल्या पार्मोट्रीमाच्या गाभ्यावर कपड्यांच्या ताज्या ब्लीचचा थेंब ठेवला तेव्हा क्षणात तेजस्वी लाल रंग आला. हे पार्मोट्रीमा टिंक्टोरम, आणि तो रंग लेकॅनोरिक आम्लाचा. याच कुळीच्या द्रव्यांपासून, रोसेला नावाच्या समुद्रकाठच्या लायकेनमधून, पूर्वी जांभळा रंग काढत आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमसही तिथूनच आला.

ही चाचणी घरी करणार असाल तर दोन पथ्ये पाळावीत. पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी आणि डोळे भाजणारे आहे, ते हातमोजे घालून आणि मुलांपासून लांबच हाताळावे. आणि चाचणी केलेला एकही तुकडा परत मसाल्याच्या ढिगात जाऊ देऊ नये. शिवाय थेंबाच्या रंगावरून जातीची शक्यता कळते, खात्री होत नाही. खात्रीसाठी प्रयोगशाळेत द्रव्ये विरघळवून पातळ थरावरचे वर्णलेखन करावे लागते, म्हणजे एका काचेच्या पट्टीवर निरनिराळी द्रव्ये निरनिराळ्या उंचीला चढतात आणि ओळखीच्या नमुन्याशी ताडून पाहता येतात.

तरीही, वनस्पतिशास्त्राच्या पदवी वर्गासाठी किंवा हौशी अभ्यासकासाठी एवढ्या थोड्या पैशांत यापेक्षा चांगले साहित्य मला सुचत नाही. तीन-चार प्रजाती, रंग बदलणाऱ्या चाचण्या, आणि आणखी एक साधा प्रयोग: राखाडी तुकड्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले की तो डोळ्यांदेखत हिरवा होतो, कारण ओली झालेली वरची साल पारदर्शक होऊन खालचे शैवल दिसू लागते. हीच ताजेपणाचीही परीक्षा आहे. जुना, दमट जागी पडून राहिलेला माल तपकिरी झालेला असतो आणि भिजवल्यावर मळकटच राहतो. पाकिटातल्या चुऱ्यातले बरेच तुकडे या परीक्षेत नापास झाले. सुट्या मालातले मोठे तुकडे जवळजवळ सगळे हिरवे झाले.

जैवविविधतेच्या अभ्यासासाठी मात्र यातला एकही नमुना उपयोगाचा नाही. नमुना कुठे मिळाला, कोणत्या झाडावर किंवा खडकावर, किती उंचीवर, कधी आणि कोणी गोळा केला, ही चिठ्ठी सोबत नसेल तर संग्रहालयाच्या दृष्टीने तो तुकडा मुका आहे. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत कवकांचा आणि लायकेनचा जो संग्रह आहे, किंवा लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती अनुसंधान संस्थेत धरणीधर अवस्थी आणि त्यांच्या शिष्यांनी उभारलेला जो भारतातला मोठा संग्रह आहे, त्यांचे मोल अशा चिठ्ठ्यांमुळेच आहे. आज एखाद्या डोंगरावर अमुक लायकेन आढळत नाही, हे सांगायला काल ते तिथे होते याची नोंद लागते.

मसाला म्हणून या तिन्हींची तुलना करताना मी एकच पद्धत ठेवली: लोखंडी कढईत चमचाभर तेल, मंद आच, आणि एका वेळी एकच माल. कच्च्या दगडफुलाला वास फारसा नसतो आणि चघळले तर ते कडवट लागते. गरम तेलात मात्र त्याचा वास मोकळा होतो, पहिल्या पावसात भिजलेल्या झाडाच्या सालीसारखा, थोडासा धुरकट. पाकिटातला चुरा काही क्षणांतच करपला, कारण भुकटी आधी जळते आणि तुकडे मागे राहतात. त्या मसाल्यात कडूपणा शेवटपर्यंत राहिला. सुट्या मालातले मोठे तुकडे सावकाश परतले गेले, कडा कुरकुरीत झाल्या आणि वास भरून राहिला. तीळ, खोबरे, धणे, नागकेशर यांच्याबरोबर कुटल्यावर गोड्या मसाल्याला जो खोल, मातकट भरीवपणा येतो तो या मालानेच आणला. छरील्याच्या मसाल्यात वेखंड जाणवत होते. ती आमटी घरात कुणीही दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही.

एक सूचना येथेच करते. मोठे तुकडे आधी चाळणीवर झटकावेत, सालीचे तुकडे नखाने सोलून काढावेत, मग पाण्यातून एकदा झटपट काढून सावलीत कडकडीत वाळवावेत. खालच्या बाजूच्या मुळांसारख्या काळ्या धाग्यांमध्ये रेती अडकलेली असते आणि ती नुसत्या झटकण्याने जात नाही. निवडून, सोलून, वाळवून झाल्यावर सुट्या मालाचे वजन घटते, तेव्हा स्वस्ताईचा हिशेब त्या घटीसकट करावा. तसा केला तरी तो पाकिटापेक्षा परवडतो.

औषधी गुणांचा प्रश्न अधिक काळजीने पाहायला हवा, कारण इथे ग्राहकाच्या खिशाबरोबर त्याचे यकृतही पणाला लागू शकते. काष्ठौषधींच्या दुकानात मिळालेल्या पुडीबरोबर एक छापील चिठ्ठी होती आणि तीत मूतखड्यापासून त्वचारोगापर्यंत बऱ्याच व्याधींची नावे होती. आयुर्वेदात शैलेय या नावाने लायकेनचा उपयोग जुना आहे आणि त्याबद्दल मला अनादर नाही. अडचण वेगळी आहे. शैलेय म्हणून आधुनिक पुस्तकांत ज्या जातीचे नाव दिले जाते ती पार्मोट्रीमा पर्लाटम, जुन्या नावाने पार्मेलिया पर्लाटा. माझ्या तिन्ही नमुन्यांत खात्रीने पर्लाटम म्हणता येईल असा एकही तुकडा मिळाला नाही. निरनिराळ्या जातींत निरनिराळी द्रव्ये असतात, हे थेंबांच्या चाचणीतच डोळ्यांना दिसले. मग एका जातीच्या गुणांची चिठ्ठी दुसऱ्याच जातींच्या मिश्रणाला कशी लागू करायची?

लायकेनमधल्या द्रव्यांत औषधाची शक्यता आहे, याविषयी संशोधकांना शंका नाही. अस्निक आम्ल हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव. १८४४ साली ते प्रथम वेगळे करण्यात आले आणि ग्राम-पॉझिटिव्ह गटातल्या जीवाणूंची वाढ ते रोखते, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसून आले आहे. पण हेच द्रव्य पोटात घेण्याचा अनुभव वाईट आहे. अमेरिकेत वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या लिपोकायनेटिक्स या पूरकात अस्निक आम्लाचा सोडियम क्षार होता. ते घेणाऱ्यांना यकृताच्या गंभीर इजा झाल्याच्या तक्रारींनंतर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २००१ मध्ये ते न वापरण्याचा इशारा दिला. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ असे दुकानात ऐकवले जाते, तेव्हा हे उदाहरण आठवावे. मसाल्यात पडणाऱ्या चिमूटभर दगडफुलाची आणि गोळीतल्या शुद्ध द्रव्याची बरोबरी होत नाही, त्यामुळे गोडा मसाला खाणाऱ्यांनी धास्ती घेण्याचे कारण नाही. पण पुडीतले अस्निया रोज उकळून पिण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. अस्निक आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेव्हा त्या काढ्यातून जंतुनाशक गुण मिळेल ही अपेक्षाही फोलच आहे.

युरोपात आइसलँड मॉस नावाचे लायकेन घशाच्या खवखवीवरच्या गोळ्यांत वापरले जाते. तिथे जात कोणती हे ठरलेले असते, आणि उपयोग आहे तो त्यातल्या बुळबुळीत शर्करांचा, ज्या घशावर आवरण धरतात. दावाही तेवढाच केला जातो. आपल्याकडच्या छापील चिठ्ठ्यांना हा संयम शिकण्यासारखा आहे. सुगंधी द्रव्यांच्या व्यवसायातही अशीच कडक शिस्त आली आहे: ओकमॉस या लायकेनचा अर्क अत्तरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला जात असूनही, त्यातल्या अ‍ॅट्रानॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रानॉल या द्रव्यांनी त्वचेला अ‍ॅलर्जी होते म्हणून युरोपीय संघाने २०१७ साली सौंदर्यप्रसाधनांतून त्यांना बंदी केली. कनौजच्या काही पारंपरिक अत्तरांतही छरीला पडतो. उटण्यात तो घालणाऱ्यांनी आधी मनगटावर थोडासा लावून पाहावा.

औषध शोधायचे तर जंगल खरवडून भागणार नाही, ही गोष्ट संशोधकांनी फार आधी ओळखली. एका द्रव्याच्या काही ग्रॅमसाठी किलोच्या हिशेबात लायकेन लागते आणि ते परत वाढायला दशके जातात. आघारकर संस्थेत पश्चिम घाटातल्या अस्निया घाटेन्सिससारख्या जातींचे ऊतक प्रयोगशाळेत वाढवून, त्या संवर्धनातून मिळालेल्या अर्काचे जीवाणूरोधक आणि ऑक्सिडीकरणरोधक गुण तपासण्याचे काम झाले आहे. निसर्गातल्या नमुन्याला हात न लावता द्रव्य मिळवायचे, हा त्यातला गाभा. काम सोपे नाही. भागीदारीतले कवक एकटे वाढवले तर ते फार सावकाश वाढते आणि नेहमीची द्रव्ये तयार करीलच असेही नाही. तरी पुडीवरच्या चिठ्ठीपेक्षा माझा भरवसा या वाटेवर अधिक आहे.

या मालाविषयी माझी सर्वांत मोठी तक्रार उगमस्थानाची आहे. लायकेनला मुळे नसतात. पाणी आणि क्षार ते थेट हवेतून, पावसातून आणि धुळीतून सबंध पृष्ठभागाने घेते, आणि शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू आले तर तेही साठवून ठेवते. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या लायकेनचा हवेच्या शुद्धतेशी असलेला संबंध विल्यम नायलँडर या फिनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६६ साली नोंदवला, आणि तेव्हापासून हवेची शुद्धता जोखण्यासाठी लायकेनचा उपयोग होत आला आहे. ज्या गुणामुळे ते हवेचा पहारेकरी ठरते त्याच गुणामुळे, वाहत्या रस्त्याकडेच्या झाडावरचे दगडफूल आणि दूर हिमालयातल्या बांज ओक या झाडांच्या जंगलातले दगडफूल हे स्वयंपाकाच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत. पाकिटावर मसाला कुठे भरला ते लिहिलेले असते, लायकेन कुठल्या जंगलातून आले ते नसते. विक्रेत्या कंपनीच्या ग्राहक सेवेला मी हा प्रश्न लेखी विचारला. उत्तर आले ते पाकीट सुस्थितीत पोहोचल्याबद्दल आनंद व्यक्त करणारे.

उगम कळणे आणखी एका कारणासाठी हवे. हिमालयात बांज ओकच्या खडबडीत सालीवर लायकेनची मोठी विविधता असते, आणि गोळा करणारे ‘झूला’, म्हणजे तिकडच्या भाषेत लायकेन, खरवडताना एकेक जात निवडत बसत नाहीत. सुट्या मालात रामालिना आणि शेवाळ आले ते त्यामुळेच. वादळाने पडलेल्या फांद्यांवरचा माल उचलणे आणि उभ्या झाडाचे खोड साफ करणे यांत फरक आहे, पण पोत्यात दोन्ही सारखेच दिसतात. उत्तराखंडच्या वन विभागाने २०२० साली मुनस्यारीला लायकेन उद्यान उभारले, त्यामागे हीच चिंता आहे. महाराष्ट्रात महाबळेश्वर आणि आंबोलीच्या परिसरात पार्मोट्रीमाचे मोठे मोठे पट्टे खोडांवर दिसतात. सहलीला गेल्यावर ते मसाल्यासाठी सोलून आणण्याचा मोह काहींना होतो. संरक्षित वनात परवानगीशिवाय तसे करणे बेकायदा आहे, आणि इतरत्रही त्यातून मिळणारा मसाला दोन चमचे असतो. भिंग आणि मोबाइलचा कॅमेरा यांवर काम भागते: एक छायाचित्र सबंध तुकड्याचे, एक कडेचे जवळून, एक झाडाच्या सालीचे, आणि ठिकाणाची नोंद. पोत्यातल्या मालात जी चिठ्ठी नसते ती अशी आपणच लिहू शकतो.

खरेदीपुरते बोलायचे तर मी पुन्हा सुटाच माल घेईन, तोही हाताने निवडू देणाऱ्या दुकानातून. तुकडा बोटांएवढा तरी मोठा असावा, वरून राखाडी-हिरवा आणि खालून काळा असावा, वाकवल्यावर कडकन मोडावा. लवचिक लागला तर तो दमट आहे असे समजावे आणि परत ठेवावा. पावसाळ्यात घेऊ नये. किलोभर गोड्या मसाल्याला पंधरा-वीस ग्रॅम पुरते, तेव्हा वर्षाला पन्नास ग्रॅमपेक्षा अधिक घेण्याचे कारण नसते. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, वेलदोडा किंवा हिंगापासून दूर ठेवले तर दिवाळीनंतर घेतलेला माल उन्हाळ्यातले मसाले होईपर्यंत उत्तम राहतो.